स्लिपवरचा टीडीएस

पगाराची स्लिप आली की नजर थेट तळाशी जाते. हातात किती पडले? वरचा टीडीएसचा आकडा जानेवारीपर्यंत कुणी वाचत नाही, आणि जानेवारीत आमच्या पगारखात्याच्या दारात रांग लागते. ‘‘डिसेंबरला चार हजार कापले, आता एकवीस कसे?’’

कपात त्या एका महिन्याच्या पगारावर होतच नाही. प्राप्तिकर कायद्यानुसार कंपनीने वर्षभराच्या पगाराचा अंदाज बांधायचा, त्यावरचा कर काढायचा आणि तो महिन्यांवर वाटायचा. पगारवाढ झाली, दिवाळीला बोनस मिळाला की अंदाज बदलतो. उरलेला कर उरलेल्या महिन्यांत बसवावा लागतो. जुनी करपद्धत घेणारे एप्रिलमध्ये घरभाडे, एलआयसी, पीपीएफचे आकडे सढळ हाताने टाकतात. जानेवारीत प्रूफ मागितले की निम्म्याच पावत्या निघतात. वर्षाचे भाडे लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅनही द्यावा लागतो, आणि तो मागितला की कितीतरी घरमालकांची बोलण्याची पट्टीच बदलते. मग नऊ महिने कमी कापलेला कर शेवटच्या तीन पगारांतून जातो.

फेब्रुवारीत शंभर रुपये जास्त गेले म्हणून भांडायला येणारेही दरवर्षी असतातच. तो राज्याचा व्यवसाय कर. अकरा महिने 200, फेब्रुवारीत 300. त्याचा प्राप्तिकराशी संबंध नाही.

खरी गोची होते ती वर्षाच्या मध्येच नोकरी बदलणाऱ्यांची. 2025-26चा हिशेब घ्या, नव्या करपद्धतीतला. सप्टेंबरपर्यंत महिना 1 लाख. जुन्या कंपनीने वर्षाचे 12 लाख धरले, 75 हजारांची प्रमाणित वजावट दिली. उत्पन्न 12 लाखांच्या आत, म्हणून कर शून्य. ऑक्टोबरपासून नव्या कंपनीत महिना 1 लाख 20 हजार. तिच्या दृष्टीने वर्षाचे 7 लाख 20 हजारच, तेव्हा तिथेही शून्य. दोन्ही कंपन्यांचा हिशेब आपापल्या जागी बरोबर आहे. पण माणसाचे उत्पन्न 13 लाख 20 हजार आहे. वजावट एकदाच मिळणार, म्हणजे 12 लाख 45 हजार. दरपत्रकाप्रमाणे कर येतो 66,750. बारा लाखांच्या वर गेलेली रक्कम मात्र 45 हजारच असल्याने सीमांत सवलतीमुळे कर तेवढ्यावर थांबतो. त्यावर 4 टक्के उपकर धरून 46,800. हे विवरणपत्र भरताना एकरकमी निघतात, वर व्याज.

ऑक्टोबरमध्येच फॉर्म 12बी भरून जुन्या पगाराची माहिती दिली असती तर महिन्याला 7,800 कापले गेले असते. लोक तो भरत नाहीत, कारण जुना पगार नव्या कंपनीला कळू द्यायचा नसतो. ही लपवाछपवी मला तरी समजत नाही. मुलाखतीच्या वेळी तीन महिन्यांच्या स्लिपा यांनीच दिलेल्या असतात.

कापलेला कर सरकारकडे पोचला का, ते तुमच्या वार्षिक कर विवरणात दिसते. पण एप्रिलची कपात मे महिन्यात शोधून घाबरू नये. कंपनी पैसे पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत भरते. कुणाच्या नावावर किती, हा तपशील तिमाही विवरणातून जातो, आणि पहिल्या तिमाहीची मुदत 31 जुलै. ऑगस्ट उलटल्यावरही नोंद नसेल तर आधी आमच्याकडचा पॅन तपासून घ्या. एक अक्षर चुकले तरी तुमच्या खात्यावर काही दिसत नाही. पॅन दिलेलाच नसेल तर करपात्र पगारावर किमान 20 टक्के कापावे लागतात.

पॅन बरोबर आहे, कपात झाली आहे, पण कंपनीने पैसे भरलेच नाहीत, असेही घडते. तेव्हा तोच कर कर्मचाऱ्याकडून पुन्हा मागता येत नाही. कायदा त्याच्या बाजूने आहे. मात्र कपात झाल्याचे दाखवावे त्यालाच लागते, आणि बुडीत कंपनीचे पोर्टल आधी बंद पडते. म्हणून स्लिपा महिन्याच्या महिन्याला उतरवून घ्याव्यात.