शेतावरील जुनी खोप आवरताना

पाभर, कोळपी, रिकामी पोती आणि पाइपांचे तुकडे टाकून ठेवलेली खोप बहुतेक शेतांवर असते. मृगापूर्वी ती आवरताना सामानात एकदम हात घालू नये. दार दिवसा उघडून मोकळे ठेवावे. पायांत बूट घालावेत व प्रत्येक वस्तू दाताळ्याने ओढून घ्यावी. पोत्यांखाली उंदीर असतात आणि उंदरांमागे घोणस, मण्यार, नाग येतात.

सर्पदंश झाल्यास जागा कापू नये, आवळून बांधू नये. रुग्णाला चालू न देता, अवयव हलणार नाही असा ठेवून, प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात ताबडतोब न्यावे. मांत्रिकाकडे वेळ घालवल्याने माणसे दगावतात.

साप मारून काही साधत नाही; उंदीर राहिले तर दुसरा येतो. म्हणून सर्व बिळे बुजवावीत. दुसऱ्या दिवशी जी उकरलेली दिसतील त्यांतच दोन-तीन दिवस तेल लावलेला बिनविषारी भरडा टाकावा. उंदीर खाऊ लागले की ९६ भाग भरडा, २ भाग गोडेतेल व २ भाग झिंक फॉस्फाईड काठीने कालवून बिळात खोल टाकावे. मुले, कुत्री, कोंबड्या दूर ठेवाव्यात. मेलेले उंदीर पुरावेत.

मेढीवर मातीच्या नळ्या दिसल्या तर ती वाळवी. लाकूड टोचून पाहावे. पोकळ मेढ बदलणेच बरे.

फळीवर एखादा एन्डोसल्फानचा जुना डबाही निघतो. त्यावर २०११ पासून बंदी आहे. तो ओढ्यात ओतू नये, डबा धुऊन घरात वापरू नये. कृषी सहाय्यकांना कळवावे.