कप्तान घडवायला किती समुद्र लागतो?

२१ ऑगस्ट २०१७ची पहाट. अमेरिकी नौदलाची ‘जॉन मॅक्केन’ ही विनाशिका सिंगापूरच्या सामुद्रधुनीकडे येत होती. जगातल्या सर्वांत गजबजलेल्या सागरी वाटांपैकी ही एक. पुढे-मागे तेलवाहू आणि कंटेनर जहाजांची रीघ लागलेली. ५ वाजून १९ मिनिटांनी कप्तानाच्या लक्षात आलं की, सुकाणूवरच्या खलाशाची दिशा आणि वेग दोन्ही सांभाळताना ओढाताण होते आहे. वेगाचं काम शेजारच्या खलाशाकडे द्या, असा हुकूम त्याने दिला. ब्रिजवरची, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या कक्षातली, नियंत्रणं टचस्क्रीनवर होती. एका पडद्यावरून दुसऱ्यावर वेग सोपवताना सुकाणूही शेजारी गेलं, आणि ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही. ५ वाजून २१ मिनिटांनी खलाशाने कळवलं, सुकाणू दाद देत नाही. वेग उतरवायचा हुकूम झाला. पण जहाजाचे पंखे फिरवणाऱ्या दोन शाफ्टांपैकी एकाचाच वेग उतरला आणि जहाज डावीकडे वळत गेलं. ५ वाजून २४ मिनिटांनी ‘अल्निक एमसी’ हे तेलवाहू जहाज तिच्या डाव्या कुशीत घुसलं. १० नौसैनिक मृत्युमुखी पडले.

याच्या दोनच महिने आधी, १७ जूनच्या मध्यरात्रीनंतर, जपानच्या किनाऱ्याजवळ ‘फिट्झजेराल्ड’ ही तशीच विनाशिका ‘एसीएक्स क्रिस्टल’ या कंटेनर जहाजावर आदळली होती. तिथे ७ जण गेले. समुद्री वाहतुकीचा नियम सांगतो की, वाटा छेदत असतील तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरं जहाज आहे, त्याने बाजूला व्हायचं. ‘फिट्झजेराल्ड’ने बाजूला व्हायला हवं होतं. ब्रिजवरच्या तरुण अधिकाऱ्याने वेळेत जहाज वळवलं नाही आणि केबिनमध्ये झोपलेल्या कप्तानाला उठवलंही नाही.

ना युद्ध, ना वादळ, ना शत्रू. तरी ६५ दिवसांत १७ माणसं गेली. चौकशीचा रोख साहजिकच त्या दोन रात्री ब्रिजवर असलेल्यांकडे गेला. पण तिथेच थांबला नाही. हे अधिकारी घडले कसे, त्यांना कोणत्या नेमणुका मिळाल्या, कधी आणि किती काळ मिळाल्या, या प्रश्नांपर्यंत तो पोचला. लष्करी बातम्यांत क्षेपणास्त्रांच्या पल्ल्याची चर्चा होते, बदल्या आणि बढत्यांच्या वेळापत्रकाची सहसा होत नाही. जहाज सुखरूप बंदराला लागणार की नाही, हे मात्र बऱ्याच अंशी त्या वेळापत्रकात ठरतं.

शिडी

पाणबुडी किंवा विमानांऐवजी पाण्यावरच्या युद्धनौका चालवणारे आणि लढवणारे अधिकारी अमेरिकेत ‘सरफेस वॉरफेअर ऑफिसर’ म्हणून ओळखले जातात, बोलीत ‘स्वो’. कुणी अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीतून येतो, कुणी विद्यापीठातल्या नौदल प्रशिक्षण योजनेतून, तर कुणी पदवीनंतर न्यूपोर्टच्या शाळेतून. पदवी इतिहासाची असली तरी चालते.

बाविशी-तेविशीतला हा एन्साइन, म्हणजे सर्वांत कनिष्ठ अधिकारी, जहाजावर येतो तो डिव्हिजन ऑफिसर म्हणून. वीस-तीस खलाशांची तुकडी त्याच्या हाताखाली असते आणि त्यांतले जुनेजाणते त्याच्याहून दहा-पंधरा वर्षांनी मोठे असतात. त्यांच्या रजा, यंत्रांची देखभाल, तपासण्यांची तयारी, अहवाल यांत दिवस जातो. त्याखेरीज ब्रिजवरच्या वॉच, म्हणजे पाळ्या. सोबत एक पात्रता पुस्तिका असते. अग्निशमन, इंजिन, रडार, शस्त्रं अशा एकेका विषयात तोंडी परीक्षा द्यायची आणि त्या-त्या जाणकाराची सही मिळवायची. सगळ्या सह्या झाल्या की कप्तानासमोर बोर्ड. तिथे उत्तीर्ण झाला की छातीवर जहाज आणि तलवारींचं सोनेरी चिन्ह चढतं. त्याआधी ‘ऑफिसर ऑफ द डेक’ म्हणून, म्हणजे कप्तानाच्या वतीने समुद्रात जहाज चालवायला, पात्र ठरावं लागतं.

पहिलं जहाज साधारण अडीच वर्षांचं, दुसरं दीड वर्षाचं. मग किनाऱ्यावरची नेमणूक. पुष्कळ जण या काळात माँटेरेच्या नौदल विद्यापीठातून मास्टर्स पदवी घेतात. सातव्या-आठव्या वर्षी खरी कसोटी येते ती डिपार्टमेंट हेडची. न्यूपोर्टला काही महिन्यांचं शिक्षण घेऊन इंजिन, शस्त्रास्त्रं किंवा ऑपरेशन्स यांपैकी एक अख्खा विभाग सांभाळायचा, आणि अशा दोन नेमणुका पाठोपाठ पार पाडायच्या. जहाजावरची ही सर्वांत पिळवटून काढणारी वर्षं. त्यापुढे निवड मंडळाने नाव काढलं तर आधी एक्झिक्युटिव्ह ऑफिसर आणि मग, बहुधा त्याच जहाजावर, कमांडिंग ऑफिसर. विनाशिकेची कमान मिळेपर्यंत नोकरीला पंधरा-सोळा वर्षं होतात. मोठ्या जहाजाची किंवा स्क्वाड्रनची कमान नोकरीची वीस वर्षं उलटल्यावर. निवड मंडळापुढे नाव जाण्याच्या संधीही मोजक्याच.

कागदावर ही शिडी भक्कम दिसते. फक्त प्रत्येक पायरीवर जहाज चालवण्याचा सराव मिळतोच, हे तिने गृहीत धरलेलं होतं.

सीडीतलं सागरज्ञान

तो सराव आटत गेला. पूर्वी नवा अधिकारी जहाजावर जाण्याआधी न्यूपोर्टला काही महिने वर्गात आणि सिम्युलेटरवर शिकायचा. २००३मध्ये पैसा वाचवण्यासाठी हा अभ्यासक्रम बंद झाला. नव्या एन्साइनला सीडींचा संच द्यायचा आणि त्याने जहाजावर, कामातून वेळ काढून, स्वतःच शिकायचं, अशी पद्धत सुरू झाली. शिकवणार कोण, तर विभागप्रमुख. आणि त्यांना श्वास घ्यायला फुरसत नाही. अधिकाऱ्यांनी या योजनेला ‘खोक्यातली शाळा’ असं कुत्सित नाव दिलं. काही वर्षांनी वर्ग पुन्हा भरू लागले, पण मधल्या काळात सीडीवर शिकलेली पिढी वर सरकली आणि तीच पुढच्यांना शिकवू लागली.

यात आणखी एक गणित होतं. डिपार्टमेंट हेड होईपर्यंत पुष्कळ जण नोकरी सोडतात, हे नौदलाला ठाऊक होतं. ती गळती भरून काढण्यासाठी सुरुवातीलाच गरजेपेक्षा कितीतरी जास्त अधिकारी घेतले जात. परिणाम असा की एकाच जहाजावर एन्साइनांची गर्दी व्हायची. समुद्रातले तास तेवढेच आणि वाटेकरी वाढलेले. मग प्रत्येकाच्या वाट्याला सुकाणूजवळ उभं राहण्याचा वेळ किती येणार? पात्रता पुस्तिकेतल्या सह्या मात्र सगळ्यांच्याच पूर्ण होत. सही कशाची झाली हे पुस्तिकेवरून कळे. कितव्या वॉचनंतर झाली हे कळत नसे.

अपघातांनंतर २०१८च्या सुरुवातीला नौदलाने ‘ऑफिसर ऑफ द डेक’ म्हणून आधीच पात्र ठरलेल्या १६४ तरुण अधिकाऱ्यांची अचानक तपासणी केली. आधी वाहतूक नियमांची परीक्षा, मग सिम्युलेटरवर गजबजलेला समुद्र. निःशंकपणे उत्तीर्ण झाले अवघे २७. १०८ जणांत काही उणिवा आढळल्या आणि २९ जणांत गंभीर. नियम बहुतेकांना पाठ होते. समोरून दिवे जवळ येऊ लागले, रडारवरचे ठिपके एकमेकांत शिरू लागले आणि निर्णयाला मिनिटभरच उरलं की, तो नियम कृतीत आणणं जमत नव्हतं. धडक टाळण्याच्या शेवटच्या क्षणी ठाम हालचाल करण्यात बरेच जण कमी पडले.

तासांचा हिशेब

यानंतर जे बदल झाले, त्यांतला सर्वांत साधा बदल मला सर्वांत मोलाचा वाटतो. अधिकाऱ्यांना लॉगबुक मिळालं. वैमानिक जसे उड्डाणाचे तास नोंदवतात तसे आता हेही आपल्या वॉचचे तास, प्रत्यक्ष समुद्रातले आणि सिम्युलेटरवरचे, नोंदवू लागले. इतकी वर्षं पात्रता एकदा मिळाली की मिळाली. किती अनुभवावर मिळाली, हे मोजायची सोयच नव्हती.

वर्गही वाढले. २०१९पासून नव्या अधिकाऱ्यांसाठी चार आठवड्यांचा जहाज-संचालनाचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि पुढे त्याची जागा सहा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाने घेतली. नॉरफोक आणि सॅन दिएगो इथे त्यासाठी सिम्युलेटरांनी सज्ज केंद्रं उभी राहिली. भरतीपासून वरिष्ठ कमानीपर्यंत टप्प्याटप्प्याने दहा मूल्यमापनं ठरली. त्यांतल्या काहींत नापास झालेल्याला पुढची वाट बंद. झोपेचाही विचार झाला. पूर्वी कित्येक जहाजांवर पाच तास वॉच आणि दहा तास इतर कामं-विश्रांती असं चक्र चाले, त्यामुळे वॉचची वेळ रोज सरकायची आणि शरीराला रात्र-दिवस कळेनासा व्हायचा. आता वॉच रोज ठरावीक वेळीच असावी, असं धोरण आलं. विनाशिकांच्या ब्रिजवर वेग नियंत्रणासाठी टचस्क्रीनऐवजी पुन्हा हाताने ढकलायचे दांडे बसवण्याचा निर्णयही २०१९मध्ये झाला.

सर्वज्ञ की तज्ज्ञ?

एक मुळातला प्रश्न मात्र सुटलेला नाही. अमेरिकी स्वो हा हरफनमौला असतो. एका नेमणुकीत इंजिन, दुसरीत क्षेपणास्त्रं, तिसरीत दळणवळण. आपल्याकडे आयएएस अधिकारी आज जिल्हाधिकारी, उद्या साखर आयुक्त आणि परवा सांस्कृतिक कार्य सचिव असतो, तसंच हे. याचं मूळ १८९९च्या कायद्यात आहे. तेव्हा अमेरिकेने जहाजावरचे अभियंते आणि डेकवरचे अधिकारी एकाच शाखेत विलीन केले. ब्रिटिश परंपरेतल्या नौदलांची वाट वेगळी. त्यांच्यात इंजिनवाले आयुष्यभर इंजिनवालेच राहतात, आणि ब्रिजवरचे अधिकारी युद्धसंचालनात पारंगत होतात.

अमेरिकी पद्धतीची बाजू पोकळ नाही. जहाजाला आग लागली किंवा पाणी शिरलं, तर ज्या कप्तानाने स्वतः इंजिनरूम चालवलेली आहे त्याला काय विचारायचं ते कळतं. पण सगळं शिकायचं तर कशाला तरी कमी वेळ मिळणारच, आणि तो नेमका जहाज चालवण्याला मिळाला. २०२१मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने या कारकीर्दमार्गाची चिकित्सा केली. तो मार्ग शंभर वर्षांत मुळातून बदललेला नाही, असं तिने नोंदवलं. तिच्या पाहणीत, तज्ज्ञ घडवणारी पद्धत बरी म्हणणारे स्वो हे सध्याची पद्धत बरी म्हणणाऱ्यांच्या चौपट निघाले.

त्याच अहवालातले गळतीचे आकडे अधिक बोलके आहेत. दहा वर्षांनी या शाखेत सुमारे ३३ टक्के अधिकारी उरतात. नौदलाच्या तत्सम शाखांत ४५ टक्के. स्त्री अधिकाऱ्यांपैकी उरतात १२ टक्के, पुरुषांपैकी ३९ टक्के. डिपार्टमेंट हेडची पाठोपाठची समुद्रसेवा आणि संसार मांडण्याचं वय एकाच वेळी येतं, हे त्यामागचं उघड कारण. थांबावं म्हणून एक लाख डॉलरच्या घरात जाणारा बोनस दिला जातो. पैशाने काही जण थांबतात. वेळापत्रक तेच राहतं.

भारतीय नौदल ब्रिटिश वळणाचं. एळिमलाच्या अकादमीतून बाहेर पडलेला एक्झिक्युटिव्ह शाखेचा अधिकारी कोचीच्या प्रशिक्षण स्क्वाड्रनवर समुद्र शिकतो, वॉचकीपिंगचं प्रमाणपत्र मिळवतो आणि काही वर्षांनी तोफा-क्षेपणास्त्रं, नौकानयन, पाणबुडीविरोधी युद्ध किंवा दळणवळण यांपैकी एका विषयाचा ‘लाँग कोर्स’ करतो. पुढे आयुष्यभर ही त्याची ओळख असते. इंजिन शाखेच्या अधिकाऱ्याचं घर मात्र लोणावळ्याच्या ‘आयएनएस शिवाजी’त, जहाजाची कमान त्याच्याकडे येत नाही. वरिष्ठांसाठीचं नेव्हल वॉर कॉलेज गोव्यात आहे. या शिडीवरून चढत लेफ्टनंट कमांडर प्रेरणा देवस्थळी २०२३च्या अखेरीस ‘आयएनएस त्रिंकट’च्या कमानीसाठी निवडल्या गेल्या. भारतीय युद्धनौकेची कमान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री अधिकारी. त्याआधी त्या ‘आयएनएस चेन्नई’ या विनाशिकेवर फर्स्ट लेफ्टनंट होत्या. गस्तीनौकेसारखं लहान जहाज तुलनेने तरुण वयात हाती देण्याचा फायदा असा की, निर्णयाची जबाबदारी पेलायची सवय लवकर लागते.

तज्ज्ञ असो वा सर्वज्ञ, दोघांनाही एक अट चुकत नाही: अंधारात, गर्दीच्या पाण्यात, स्वतःच्या जबाबदारीवर उभं राहिल्याचे पुरेसे तास. अभ्यासक्रम, पुस्तिका आणि बोर्ड यांचं काम त्या तासांना वळण लावण्याचं आहे, त्यांची जागा घेण्याचं नाही.

अमेरिकेने केलेल्या दुरुस्तीचा निकाल लगेच लागणारा नाही. २००३मध्ये वाचवलेल्या पैशांची किंमत चौदा वर्षांनी चुकवावी लागली. नव्या पद्धतीने शिकून २०१९-२१च्या सुमारास जहाजावर गेलेले एन्साइन विनाशिकांचे कप्तान होतील ते २०३५च्या आसपास. दरम्यान किती संरक्षणमंत्री, किती नौदलप्रमुख आणि किती अर्थसंकल्प येऊन जातील. पैशाची चणचण भासली की जहाज किंवा क्षेपणास्त्र कमी करायला कुणी धजावत नाही. प्रशिक्षणाचे दोन आठवडे कापले, तर त्या वर्षी कुणाला कळतही नाही. तो मोह दरवर्षी आवरता आला, तरच २०३५चा कप्तान २०१७च्या कप्तानापेक्षा वेगळा असेल.