गीतरचनेचे शिक्षण आणि संगणक

गीतरचना शिकविण्यासाठी पूर्वी वाद्ये, वादक आणि ध्वनिमुद्रण कक्ष यांची आवश्यकता असे. हा खर्च बहुतांश शाळांच्या आवाक्याबाहेरचा होता. संगीतनिर्मितीच्या सॉफ्टवेअरमुळे तो बराच कमी झाला. १९८३ मध्ये प्रचारात आलेल्या ‘मिडी’ या मानकामुळे वाद्य व संगणक यांच्यात सुरांच्या माहितीची देवाणघेवाण शक्य झाली. ‘एलएमएमएस’सारखे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर तर विनामूल्य उपलब्ध आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने मुख्य लाभ दुरुस्तीचा आहे. मुखडा व अंतरा पडद्यावर स्वतंत्र दिसतात. लय वा पट्टी बदलून तीच ओळ लगेच ऐकता येते आणि शब्दांचा भार तालाशी कोठे विसंगत आहे, हे विद्यार्थ्याला स्वतः उमगते. मात्र ही साधने प्रामुख्याने बारा समान स्वरांतरांवर आधारलेली असल्याने मींड व श्रुती यांसाठी गुरूला पर्याय नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० कला व विज्ञान यांतील काटेकोर विभागणी नाकारते. तथापि, केवळ संगणक पुरविणे पुरेसे नाही. प्रतिलिपी अधिकार अधिनियम, १९५७ नुसार शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांवरील हक्क वेगवेगळे आहेत. चित्रपटगीत चित्रपटगृहाबाहेर वापरले गेल्यास मिळणाऱ्या स्वामित्वधनातील गीतकार व संगीतकारांचा समान वाटा २०१२ च्या दुरुस्तीने सुरक्षित केला. तो निर्मात्याला सोडून देता येत नाही. ही जाण अभ्यासक्रमात आली, तरच विद्यार्थ्याचे कौशल्य त्याच्या उपजीविकेचे साधन ठरू शकेल.