नाकारलेल्या झेंड्यांचा मागोवा

भाईंदरच्या माझ्या घरी एका फाइलमध्ये भारताचे नाकारलेले झेंडे आहेत. काही छापील चित्रं, काही मी रंगवलेली. वर्षांनुसार लावली की चाळीसेक वर्षं चाललेला एक वाद समोर येतो: देशाची खूण कोणती, आणि तिच्यात जागा कोणाकोणाला?

भगिनी निवेदितांनी १९०५च्या सुमारास वज्र निवडलं. दधीचींनी दिलेल्या हाडांचं वज्र म्हणजे त्याग. तो झेंडा मागे पडला. वज्र मात्र परमवीर चक्रावर आलं. त्या पदकाचं रेखाटन मराठी लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नी, मूळच्या स्वित्झर्लंडच्या सावित्रीबाई खानोलकर यांचं.

२२ ऑगस्ट १९०७ रोजी मादाम कामांनी जर्मनीत श्टुटगार्टला फडकवलेल्या झेंड्यावर आठ प्रांतांची आठ कमळं, सूर्य, चंद्रकोर आणि देवनागरीत ‘वंदे मातरम्’ होतं. इंदुलाल याज्ञिकांनी भारतात आणलेला तो झेंडा पुण्याच्या केसरीवाड्यात जपलेला आहे. १९१७च्या होमरूल झेंड्यावर सप्तर्षी होते, पण कोपऱ्यात युनियन जॅकही. तो रुजला नाही, हे योग्यच झालं.

माझं मन सर्वांत जास्त रमतं ते १९३१मध्ये. गांधीजींच्या चरखा-झेंड्यात लाल रंग हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा इतरांचा, असा अर्थ लावला जाई. मग आमचा रंग कुठे, असं शीख विचारू लागले. काँग्रेसने सात जणांची समिती नेमली. तीत पटेल, नेहरू, आझाद यांच्यासोबत साताऱ्याचे काका कालेलकर आणि सेवादलाचे ना. सु. हर्डीकरही होते. धर्मांची वाटणीच नको, म्हणून समितीने सबंध केशरी झेंडा आणि त्यावर तपकिरी चरखा सुचवला. ऑगस्टमध्ये मुंबईत महासमितीने तो नाकारला. तीन रंग राहिले, लालच्या जागी केशरी आला आणि अर्थ बदलले: धैर्य व त्याग, सत्य व शांती, श्रद्धा व शौर्य. समितीचा हेतू शुद्ध होता, तरी निर्णय महासमितीचाच मोलाचा. १९२३च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात तिरंग्यासाठी लोक तुरुंगात गेले होते. लोकांनी आपला मानलेला तो झेंडा राखून त्यातली धर्मांची वाटणी तेवढी काढली गेली.

२२ जुलै १९४७ला संविधान सभेने चरख्याच्या जागी अशोकचक्र घेतलं. मीरा-भाईंदरच्या शिक्षकांना विनंती आहे: येत्या २२ जुलैला मुलांकडून तिरंग्यासोबत हे झेंडेही काढून घ्या, आणि ते का मागे पडले हेही सांगा. चित्रं माझ्याकडून न्या.