विंचू चावला, दुखत नाही, पण हातपाय गार पडले? थांबू नका! विष नेमकं काय करतं आणि औषध कुठं लागू होतं?

घोडेगाव (ता. नेवासा) : उन्हाळी कांदा चाळीत भरायचा, पाचटाचे ढीग हलवायचे, पाऊस यायच्या आत सरपण आणि गोवऱ्या आडोशाला घ्यायच्या. हे दिवस जसे या कामाचे, तसेच विंचवाचेही. बारदान उचललं किंवा बांधावरचा दगड सरकवला आणि बोटाला डंख बसला, की घरात पहिला प्रश्न येतो, "लई दुखतंय का?" नाही म्हटलं की सगळे निर्धास्त होतात. खरी गफलत इथंच होते.

मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर, पण जिवावर उठतो तो बहुतेक वेळा लहानखुरा, तांबूस अंगाचा लाल विंचू. कोकणात तो जास्त आहे, तरी घाटावरच्या कोरड्या, दगडाळ भागातही सापडतो. डंखाच्या जागी नुसत्या कळा येत असतील आणि बाकी काहीच नसेल, तर बहुधा धोका कमी असतो. उलट जागा फारशी दुखत नाही, पण ओकाऱ्या होतात, दरदरून घाम फुटतो, तोंडात लाळ येते, हातपाय बर्फासारखे गार पडतात, तेव्हा विष अंगभर पसरलेलं असतं. मुलग्यांत आणि पुरुषांत लिंग ताठ राहणं हीही त्याचीच खूण. लाजेपोटी ती सांगितली जात नाही, पण डॉक्टरांना ती कळणं फार गरजेचं असतं.

असं का होतं? हल्ली गावोगावी एखाद्या घरातलं तरी पोरगं-पोरगी नर्सिंगला नाहीतर फार्मसीला असतं. त्यांच्या पुस्तकात दोन जड शब्द असतात. पॅथोफिजिओलॉजी, म्हणजे आजारात शरीराचं नेहमीचं काम कुठं आणि कसं बिघडतं. फार्माकोलॉजी, म्हणजे औषध शरीरात कुठं जाऊन काय करतं. हे दोन्ही समजायला विंचवासारखं दुसरं उदाहरण नाही.

आपल्या नसांवर अतिशय बारीक दारं असतात. ती क्षणभर उघडतात, निरोप पुढं जातो आणि लगेच मिटतात. विंचवाचं विष ही दारं मिटूच देत नाही. नसा सारख्या निरोप धाडत राहतात. सुरुवातीला ओकारी, घाम, लाळ सुटते ती यामुळंच. मग अॅड्रेनलिन आणि त्याच्या जातीची रसायनं रक्तात धो-धो सुटतात. बैल उधळून अंगावर आला की छाती धडधडते, हात गार पडतात, तेच हे रसायन. फरक इतकाच, की तिथं ते पाच-दहा मिनिटांत ओसरतं आणि इथं कित्येक तास उतरत नाही.

या रसायनानं रक्तवाहिन्या आवळल्या जातात. ठिबकचे निम्मे व्हॉल्व्ह बंद करून मोटर फुल सोडल्यासारखं होतं. लाइनमध्ये दाब वाढतो, टोकाच्या झाडाला पाणी पोचत नाही आणि मोटर तापते. इथं मोटर म्हणजे हृदय. टोक म्हणजे हातपाय, म्हणून ते गार. हृदय थकलं की रक्त मागं तुंबतं आणि फुप्फुसात पाणी उतरतं. खोकला, धाप, तोंडाला गुलाबी फेस. विंचवानं माणूस जातो तो बहुतेक वेळा असा, दुखण्यानं नाही.

हे कोडं जगापुढं मांडणारा माणूस आपल्याच राज्यातला. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावात जन्मलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ साली रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीला सरकारी आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेली लेकरं डोळ्यांदेखत दगावत होती. गंभीर रुग्णांत शंभरातले पंचवीस-तीस जात. रुग्णांच्या उशाशी बसून त्यांनी नाडी, रक्तदाब, हातापायांची ऊब यांच्या नोंदी ठेवल्या. १९८२ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात त्यांची निरीक्षणं छापून आली. १९८६ साली तिथंच त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी एका साध्या गोळीबद्दल लिहिलं. गोळीचं नाव प्राझोसिन. २०२२ साली डॉ. हिम्मतराव बावस्करांना पद्मश्री मिळाली.

प्राझोसिन मूळची रक्तदाबाची गोळी. ती विष उतरवत नाही. रक्तवाहिन्यांवर कुलपं असतात, अॅड्रेनलिनची किल्ली त्यात फिरली की वाहिनी आवळते. प्राझोसिन आधीच त्या कुलपात जाऊन बसतं. किल्ली शिरतच नाही, वाहिन्या सैल होतात, हृदयावरचा भार उतरतो. हातपाय पुन्हा गरम होईपर्यंत डॉक्टर ठरावीक तासांनी हा डोस देत राहतात. या गोळीनं गंभीर रुग्णांतले मृत्यू शंभरात एक-दोनवर आले.

पण ज्या गुणानं ती वाचवते, त्याच गुणानं घातही करू शकते. गोळी पोटात असताना लेकराला उचलून कडेवर घेतलं, तर रक्तदाब एकदम कोसळून ते बेशुद्ध पडू शकतं. म्हणून झोपवूनच ठेवायचं. मेडिकलमध्ये बीपीसाठी मिळणारी, हळूहळू विरघळणारी प्राझोसिनची गोळी इथं चालत नाही. डोस वजनावर ठरतो. त्यामुळं ही गोळी आणून घरात ठेवण्याचा उद्योग नको.

विषालाच धरणारं औषध वेगळं, ती विंचवाची लस. मुंबईच्या हाफकिनमध्ये तयार झालेली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या महाडच्या अभ्यासात ७० रुग्ण होते. लस आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेल्या ३५ जणांपैकी ३२ जण दहा तासांत बरे झाले. नुसतं प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी तेवढ्या वेळात ८. सापाची लस मात्र विंचवाला लागू पडत नाही, दोन्हींची विषं वेगळी.

आता शेतकऱ्यानं लक्षात ठेवावी अशी गोष्ट. फवारणी करताना काही कीटकनाशकांची बाधा झाली की घाम येतो, लाळ गळते, ओकारी होते. तिथं अॅट्रोपिनचं इंजेक्शन जीव वाचवतं. विंचवालाही घाम, लाळ, ओकारी. पण इथं अॅट्रोपिननं नुकसान होतं, कारण हृदयाला आवरणारा उरलासुरला ब्रेकही ते काढून घेतं. लक्षणं सारखी, आतली मोडतोड वेगळी. म्हणून दवाखान्यात पोचल्यावर आधी सांगायचं, की विंचू चावलाय, किती वाजता चावला आणि आज फवारणी केली होती का. कुठं आधी इंजेक्शन घेतलं असेल, तर तेही लपवायचं नाही.

मंत्र, जडीबुटी, डंखावर चीर देणं, घट्ट दोरी बांधणं यानं आतलं वादळ थांबत नाही. नुसत्या कळा असतील तर बर्फाचा शेक द्यायचा, तरी पुढचे काही तास लक्ष ठेवायचं. लहान लेकरू असेल तर कळा असोत-नसोत, दाखवायलाच न्यायचं. हातपाय गार किंवा घाम-ओकारी दिसली की १०८ ला फोन. महामार्गावरून नगर तासाभराच्या अंतरावर आहे. निघण्याआधी नाहीतर वाटेत फोन करून प्राझोसिन आणि विंचवाची लस कुठं आहे ते विचारून घेतलं, तर दारोदार फिरण्यात जाणारा वेळ वाचतो.