गटारांसाठी मतदान

"मामा, गाडी इथे नको धुऊस, हिरवळीवर घे." ट्रॉयमधल्या भाचीने पहिल्याच रविवारी मला दटावलं. कारण रस्त्याकडेच्या जाळीत होतं. जाळीशेजारी माशाचं चित्र असलेली एक चकती चिकटवलेली होती. इथे जे टाकाल ते नदीत जाईल, एवढाच तिचा मजकूर.

मिशिगन राज्यातलं हे ट्रॉय डेट्रॉइटच्या उत्तरेला, ओकलंड काउंटीत आहे. मराठी मंडळीही इथे बऱ्यापैकी. घरातलं मैलापाणी प्रक्रिया केंद्राकडे जातं. छपरांवरचं, रस्त्यांवरचं पावसाचं पाणी मात्र बहुतेक ठिकाणी जसंच्या तसं क्लिंटन किंवा रूज नदीत उतरतं. सोबत गाड्यांचं तेल, कुत्र्यांची घाण, हिवाळ्यात रस्त्यावर फेकलेलं मीठ. यातली रूज नदी 1969 च्या ऑक्टोबरात चक्क पेटली होती. पाण्यावरच्या तेलानेच पेट घेतला.

1972 साली केंद्राचा स्वच्छ पाणी कायदा आला आणि पुढच्याच वर्षी परवाने देण्याचे अधिकार मिशिगनकडे आले. कारखान्याला परवाना देणं सोपं, त्याची नळी एकच. पावसाचं काय करणार? तो सगळीकडून येतो. म्हणून राज्याने गटाराच्या मालकालाच धरलं. शहराने आपली सगळी पातमुखं, म्हणजे गटारं जिथे नदी-नाल्यात उघडतात ती तोंडं, नकाशावर आणायची आणि कोरड्या दिवसांत ती तपासायची. दोन-तीन दिवस थेंब पडला नाही तरी पाइपातून धार येतेय? म्हणजे वर कुणाचा तरी संडास चुकून पावसाळी वाहिनीला जोडलेला असणार. मग संशयित घराच्या संडासात रंग टाकायचा, पाणी ओढायचं आणि दुसऱ्याने रस्त्यावरच्या चेंबरमध्ये डोकावत बसायचं. रंग दिसला की चोर सापडला! एवढ्या मोठ्या कायद्याचं शेवटचं हत्यार म्हणजे हा चिमूटभर रंग, याची मला गंमत वाटते.

बाकी नियम बारीकसारीक आहेत. एक एकर किंवा त्याहून जास्त जमीन उकरायची, किंवा तळ्या-ओढ्यापासून 500 फुटांच्या आत माती हलवायची, तर आधी परवाना हवा. हिरवळीवर फॉस्फरसचं खत घालायला 2012 पासून, थोडे अपवाद सोडून, बंदी आहे. नाहीतर तळ्यात शेवाळ माजतं.

मला खरं चकित केलं ते ड्रेन कमिशनर या पदाने. गटारं सांभाळणारा हा माणूस दर चार वर्षांनी मतदानाने निवडला जातो. ओकलंडमध्ये आता त्याचं भारदस्त नाव 'जलसंपदा आयुक्त' झालंय, पण काम तेच. आपल्याकडे नालेसफाईवरून नगरसेवकाला शिव्या घालतात. इथे त्यासाठी वेगळा माणूसच निवडून ठेवलाय.

त्याच्या खात्याचा मानबिंदू म्हणजे मॅडिसन हाइट्सखालची जॉर्ज डब्ल्यू. कून टाकी. ट्रॉयच्या काही भागासह चौदा गावांचं पाऊस आणि मैला एकत्र होऊन वाहणारं पाणी ती अडवते. जमिनीखाली दोन मैलांहून लांब, पोटात 12.4 कोटी गॅलन मावतात. पण 11 ऑगस्ट 2014 ला आभाळ फाटलं. सुमारे दोन अब्ज गॅलन पाणी, घन कचरा गाळून आणि जंतुनाशक घालून, टाकीतून रेड रन नाल्यात सोडावं लागलं. तिथून क्लिंटन नदी, मग सेंट क्लेअर सरोवर. 26 जुलै 2005 ची मुंबई पाहिलेल्याला यात नवल नाही. पाऊस कुणाची टाकी मोजून पडत नाही. पण असं पाणी सोडलं की 24 तासांच्या आत राज्याला आणि लोकांना कळवायचं, असा मिशिगनचा कायदा आहे. कुठून सोडलं, किती सोडलं, सगळं लेखी. आमची मिठी नदी दर पावसाळ्यात काय काय पिते, त्याचा असा रोजचा हिशेब माझ्या वाचनात कधी आला नाही.

ट्रॉयहून निघायच्या आदल्या दिवशी, चार दिवस कडक ऊन पडल्यावर, मी भाचीच्या दारातल्या जाळीत वाकून पाहिलं. आत मेपलची चार पानं आणि मुलांचा एक चेंडू होता. पाण्याचा टिपूस नव्हता. "सापडलं का काही?" भाचीने खिडकीतून विचारलं. चेंडू काही हाताला लागला नाही.