विश्लेषण : परिचारिकेच्या नोंदींतून रुग्णाचा जीव कसा वाचू शकतो?

रुग्णालयांतील केसपेपर आणि चार्टची जागा आता संगणकीय आरोग्य नोंदी घेऊ लागल्या आहेत. त्यातील बराच भाग परिचारिका भरतात. या कामात रुग्णाजवळ थांबायला वेळ उरत नाही, अशी त्यांची जगभरातील तक्रार आहे. मात्र याच नोंदी नीट वाचल्या तर रुग्णाची प्रकृती बिघडणार असल्याची चाहूल आधीच लागते, हे अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत दिसून आले आहे. मग नोंदी कमी करायच्या की सुधारायच्या?

परिचारिका काय नोंदवतात?

तापमान, नाडी, रक्तदाब, श्वासाची गती, प्राणवायूची पातळी, दिलेली औषधे, सलाइन, लघवीचे प्रमाण, वेदना, जखमेची स्थिती, पडण्याचा किंवा पाठीला जखमा होण्याचा धोका अशी ही यादी मोठी आहे. डॉक्टर राउंडला येऊन जातात, परिचारिका मात्र चोवीस तास वॉर्डात असतात. रुग्णात झालेला बारीक बदल बहुतेकदा त्यांनाच आधी जाणवतो. ड्युटी बदलताना पुढच्या पाळीला रुग्ण सोपवला जातो, तोही याच नोंदींच्या आधारे.

या कामाला किती वेळ लागतो?

अमेरिकेतील ३६ रुग्णालयांत ७६७ परिचारिकांच्या कामाचा अभ्यास झाला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, कामाच्या वेळेपैकी ३५.३ टक्के वेळ नोंदींवर खर्च होत होता. प्रत्यक्ष रुग्णसेवेला मिळत होते १९.३ टक्के.

संगणक आल्यावर भार का कमी झाला नाही?

अमेरिकेत २००९ च्या ‘हायटेक’ कायद्याने संगणकीय नोंदींसाठी रुग्णालयांना आर्थिक प्रोत्साहन दिले आणि त्यांचा प्रसार वेगाने झाला. पण कागदावरचे रकाने तसेच पडद्यावर आले. त्यात बिल, विमा, गुणवत्ता तपासणी आणि कायदेशीर बचावासाठी लागणाऱ्या रकान्यांची भर पडली. ‘जे लिहिले नाही, ते केले नाही’ हा या व्यवसायातील जुना धडा. त्यामुळे काहीही गाळायची भीती वाटते. परिणामी एकच माहिती तीन ठिकाणी भरली जाते किंवा कालची नोंद कॉपी-पेस्ट होते. कोलंबिया विद्यापीठाच्या पुढाकाराने २०२१ मध्ये झालेल्या ‘२५ बाय ५’ परिषदेने हा भार २०२५ पर्यंत ७५ टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवले होते.

‘कन्सर्न’ प्रणाली काय आहे?

कोलंबिया विद्यापीठातील सारा रोसेट्टी आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेली ही पूर्वसूचना प्रणाली आहे. नेहमीच्या प्रणाली रक्तदाब किंवा नाडीचे आकडे बिघडले की इशारा देतात. ‘कन्सर्न’ आकड्यांपेक्षा परिचारिकेच्या वागण्याकडे पाहते. रुग्णाचा रक्तदाब ठरल्यापेक्षा जास्त वेळा तपासला का? मध्यरात्री तपासला का? आकड्याशेजारी शेरा लिहिला का? एखादे औषध देण्याचे थांबवले का? आकडे ठीक असूनही परिचारिका पुन्हा पुन्हा त्याच खाटेकडे जात असेल, तर तिला काहीतरी खटकते आहे, असा त्याचा अर्थ. त्यावरून प्रत्येक रुग्णाची जोखीम हिरव्या, पिवळ्या किंवा लाल रंगात दिसते.

चाचणीत काय आढळले?

दोन आरोग्य संस्थांच्या ७४ विभागांत, ६० हजारांहून अधिक रुग्णांवर वर्षभर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष एप्रिल २०२५ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. ही प्रणाली वापरलेल्या विभागांत मृत्यूचा धोका ३५.६ टक्क्यांनी, रुग्णालयातील मुक्काम ११.२ टक्क्यांनी आणि जंतुसंसर्गातून होणाऱ्या सेप्सिसचा धोका ७.५ टक्क्यांनी कमी झाला. अतिदक्षता विभागात अचानक हलवण्याचे प्रमाण मात्र २४.९ टक्क्यांनी वाढले. धोका वेळेत कळल्याने पावले लवकर उचलली गेली, असा संशोधकांचा अर्थ आहे.

मग सुधारणा कशी करायची?

सरसकट काटछाट केली तर उपयुक्त नोंदीही जातील. म्हणून प्रत्येक रकान्याला एकच प्रश्न विचारावा लागतो : ही माहिती पुढे कोण वाचतो? कोणीच वाचत नसेल तर रकाना काढावा. मॉनिटरवरचे आकडे यंत्रानेच नोंदीत पोहोचवावेत, परिचारिकेने ते फक्त तपासावेत. औषध देताना बारकोड वाचला की वेळ आपोआप नोंदली जावी. मोकळ्या शेऱ्याची जागा मात्र राखावी. ‘आज गप्प गप्प आहे, जेवण नको म्हणतो’ हे कोणत्याही तयार पर्यायात बसत नाही. नोंद त्याच वेळी होणेही महत्त्वाचे. पाळी संपताना सगळे एकदम भरले तर नोंदींतून प्रकृतीचा माग लागत नाही. आणि पडदा तयार करताना वॉर्डात काम करणाऱ्या परिचारिकेला विचारणे हवे.

भारतात काय स्थिती?

केंद्राने संगणकीय आरोग्य नोंदींची मानके २०१३ मध्ये जाहीर केली आणि २०१६ मध्ये सुधारली. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. त्यातील १४ अंकी ‘आभा’ क्रमांकामुळे रुग्णाच्या संमतीने त्याच्या नोंदी एका रुग्णालयातून दुसऱ्यात पाहता येतात. पण जिथे रजिस्टरही चालू आहे आणि संगणकही, तिथे सिस्टरचे काम दुप्पट होते. रुग्णसंख्येच्या मानाने परिचारिका कमी असतील, तर उत्तम सॉफ्टवेअरही अपुरे पडते. ‘कन्सर्न’सारखी प्रणाली परिचारिका पुन्हा खाटेजवळ गेली, यावरच चालते. तेवढी सवड तिला नसेल, तर नोंदीत वाचण्यासारखे काही उरणार नाही.